आक्काच्या भोपळ्याचं बी

“हे काय लावलंयस?”

आप्पांनी काठीचं टोक वाफ्याकडे केलं. सकाळचे साडेसात वाजले होते. माझ्या हातात धारेच्या दुधाची चरवी होती आणि मला सहावा महिना लागला होता.

“मोहरी,” मी म्हणाले. “पलीकडे धने टाकलेत. कोपऱ्यात सब्ज्याची रोपं, आणि कुंपणाच्या कडेनं सूर्यफूल.”

“मोहरी मला दिसतीय. तीस वर्षं शेतीखात्यात काढली मी. गुलाबाच्या वाफ्यात मोहरी का, ते विचारतोय.”

“वाफा रिकामा होता.”

“रिकामा नव्हता. नव्या कलमांसाठी राखलेला होता. उपट ते.”

माझे सासरे धनपाल मगदूम. सगळा मळा त्यांना ‘साहेब’ म्हणायचा. शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठाला आमची दहा-बारा घरांची वस्ती. एका बाजूला नदी आणि बाकी तिन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर ऊस. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. शीतल, माझे मालक, सकाळी सहाला दूध संघात कामाला जायचे ते संध्याकाळी परतायचे. दिवसभर घरात आम्ही दोघंच, मी आणि आप्पा. आणि आप्पांची बाग. तळहाताएवढाले गुलाब, चेंडूसारखा गच्च झेंडू, कात्रीनं कापल्यासारखी मेंदीची कुंपणं. लोक मुद्दाम बघायला यायचे.

मी आजऱ्याकडची. आमच्या गुरुजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शाळेभोवती बाग केली होती आणि तिचं पाणी-खत माझ्याकडे होतं. त्यामुळे या बागेत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. काय ते कळायला महिना गेला. बागेला आवाजच नव्हता. इतकी फुलं, आणि एक मधमाशी नाही.

“आप्पा,” मी चरवी कट्ट्यावर ठेवली, “श्रावणात आपल्या भोपळ्याच्या वेलाला मी चौदा कळ्या मोजल्या होत्या. खाली गोळीएवढं फळ असलेल्या. चौदाच्या चौदा पिवळ्या पडून गळाल्या.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. “पाऊस होता.”

“त्याच्या आदल्या वर्षीही गळाल्या. हे म्हणत होते.”

“शीतलला शेतीतलं काय कळतंय?”

त्या वेलाबद्दल घरात फारसं कुणी बोलायचं नाही. ते बी आप्पांच्या थोरल्या बहिणीचं होतं. आई लवकर गेल्यावर आक्कानंच आप्पांना वाढवलं. पुढं ती विधवा होऊन माहेरी आली आणि मरेपर्यंत या मळ्यात राहिली. तिचा भोपळा सुरईसारखा लांब मानेचा, हिरवीगार साल, आत केशरासारखा गर. वर्षभर माळ्यावर ठेवला तरी नासायचा नाही म्हणत. आक्का गेल्यावर वीस वर्षं आप्पांनी ते बी राखलं होतं. पण गेली तीन वर्षं फळच धरलं नव्हतं. पितळी डबीत, राखेत ठेवलेल्या शेवटच्या अकरा बिया त्यांनी जानेवारीत टाकल्या. पाच उगवल्या. हे मला शीतलनी सांगितलं होतं, तेही आवाज खाली करून.

“गुलाबावर माशी येत नाही, आप्पा,” मी म्हणाले. “इतक्या पाकळ्या आहेत की तिला आत शिरायला वाट नाही. झेंडूचं तेच. नदीकाठच्या जुन्या चिंचेच्या ढोलीत सातेरी माश्यांचं पोळं आहे, मी बघून आलेय. पण चिंचेपासून इथवर नुसता ऊस. मध्ये थांबावं असं त्यांना काहीच नाही. मोहरी नदीच्या बाजूला लावली ती म्हणून. सकाळचं पहिलं ऊन तिथंच पडतं. आणि एकेक रोप इकडंतिकडं लावून भागत नाही, लांबून दिसेल असा एकाच फुलाचा पट्टा लागतो. मोहरी भोपळ्याच्या पंधरा दिवस आधी फुलेल. तोवर माश्यांना रस्ता पाठ होईल.”

मी एवढं बोलेन असं त्यांना वाटलं नसावं. मलाही वाटलं नव्हतं.

“मधाची पेटी-बिटी ठेवायचा विचार असेल तर आत्ताच सांगतो, आपल्या जैनाच्या घरात मध चालत नाही.”

“पेटी नको. मध नको. माशी तिच्या मनानं येईल, मनानं जाईल.”

“आणि येताना कुठल्या वेलाचा पराग घेऊन येईल?” आता ते माझ्याकडे वळले. आवाज चढला नाही, पण धार आली. “ते नाही शिकवलं गुरुजींनी? शेजारी हौसाबाईच्या परड्यात भोपळा आहे. माळवदे लावतो. तिकडचा पराग आक्काच्या फुलावर पडला की पुढच्या वर्षी त्या बियांतून काय उगवेल? ना आक्काचा, ना हौसाचा. खिचडी. म्हणून मी संध्याकाळी कळ्या दोऱ्यानं बांधतो, पहाटे सोडतो, हातानं पराग लावतो आणि परत बांधतो. वीस वर्षं. कळलं?”

खरं सांगायचं तर हे मला सुचलंच नव्हतं. मग म्हणाले, “मी लावते पराग हातानं. यंदा.”

“तू मार्चअखेरीला बाळंतपणाला माहेरी जाणार. नेमकी तेव्हाच फुलं येणार.” ते जायला वळले. “उपट ते.”

“शिमग्यापर्यंत राहू दे, आप्पा.”

“का?”

“तोवर बाकीच्या भोपळ्यांचं बघते.”

ते हसले. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना हसताना बघितलं, आणि ते माझ्यावर हसत होते. “बघ. शिमग्यापर्यंत. मग मी स्वतः कुदळ घालीन.”

“आणि तोवर गुलाबावर औषध मारायचं नाही.”

“आता औषधावर पण तुझाच हुकूम?” असं म्हणाले, पण पंप गोठ्यात टांगला तो काढला नाही.

पुढचे तीन दिवस मी वस्तीभर फिरले. कुणाच्या घरी विरजण मागायला, कुणाकडे ओटीचं बोलावणं सांगायला. पोटुशी बाई फिरायला निघाली की कुणी कारण विचारत नाही, उलट बसायला पाट देतात. बसल्या बसल्या मी परडी बघून घेतली. भोपळ्याचे वेल चारच घरी होते. उसाच्या पलीकडची वस्ती दोन मैलांवर आणि नदीपलीकडे सगळी गाळपेर, तिथं वांगी. म्हणजे चार वेल निघाले की झालं.

तिघांचं सोपं गेलं. माळवदेवहिनींना मी कारल्याची आणि दोडक्याची तयार रोपं दिली, त्यांनी माझ्यादेखत वेल ओढून काढला. बाकी दोघांच्या वेलाला अजून फूलही नव्हतं. अवघड होती ती हौसामावशी.

हौसामावशी आमच्या शेजारची. सत्तरीच्या आसपास, एकटी राहायची, आणि साऱ्या मळ्यात आप्पांना ‘धनपाल’ म्हणणारी ती एकटीच. मी गेले तेव्हा ती उंबऱ्यात बसून हरभरा सोलत होती.

“उपटू? फुलावर आल्याला येल?” तिनं मान वर करून विचारलं.

“हो.”

“आगं, तुझ्या पोटात लेकरू हाय, आन तू दुसऱ्याचा येल उपटाय सांगतीस?”

ते मला लागलं. मी तिच्याजवळ बसले आणि सुपातले घाटे सोलायला घेतले. थोड्या वेळानं विचारलं, “मावशी, आक्काचा भोपळा तुम्ही खाल्लाय?”

तिचे हात थांबले.

“खाल्लाय म्हंजे? माज्या पयल्या बाळंतपणात आक्कानं मला महिनाभर खाऊ घाटला. कुनी नव्हतं बग मला. रोज एक फोड शिजवून, वर तूप घालून घिऊन यायची.” ती परत सोलायला लागली, पण हळू. “ती गेल्यावर म्या तुज्या सासऱ्याकडं बी मागितलं. चार बिया. म्हनला, आक्काचं हाय, कुनाला देनार न्हाई. मी काय आक्काची कोन न्हवं?”

“मे महिन्यात तुम्हाला बी मिळेल. मी शब्द देते.”

“तुजा शब्द काय पेरू? बी त्येच्या डबीत हाय.”

“डबी रिकामी झालीय, मावशी. होतं नव्हतं ते सगळं यंदा जमिनीत टाकलंय. पाच वेल आलेत. तीन वर्षं फळ नाही. यंदा धरलं नाही तर संपलं. आणि धरताना तुमच्या भोपळ्याचा पराग आला, तरी संपलंच.”

तिनं हातातला घाटा सोलला, दाणा सुपात टाकला.

“धनपाल काय म्हनतोय?”

“त्यांना मी सांगेन.”

“म्हंजे सांगितल्यालं न्हाई.” तिनं सूप बाजूला ठेवलं. “धीट हाईस.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ताटावर फडकं झाकून आली. ताटात भोपळ्याच्या फुलांची भजी होती. “येल काढला, फुलं सगळी तोडली,” ती म्हणाली. “खा. आन शब्द इसरू नगंस.”

शिमग्याच्या आधी आठ दिवस मोहरी फुलली. गुलाबाच्या त्या जुन्या वाफ्यात पिवळाधमक पट्टा उभा राहिला. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी पसरट परातीत खडे टाकून पाणी भरून ठेवलं, माशीला बसून पिता यावं म्हणून. तिसऱ्या दिवशी धुणं वाळत घालताना माझ्या कानाला ती गुणगुण लागली आणि ओला पिळा हातात धरून मी तशीच उभी राहिले. चार माश्या होत्या. आठवड्याभरात मोजता येईनात.

आप्पांनी कुदळ घातली नाही. शिमगा आला आणि गेला. ते त्या वाफ्याच्या बाजूला जायचेच नाहीत.

मग एका पहाटे मी लवकर उठले. बाळ पोटात लाथा मारत होतं, झोप लागेना. फटफटायला लागलं होतं. मागचं दार उघडलं तर आप्पा भोपळ्याच्या आळ्यापाशी उकिडवे बसलेले. यंदाचं पहिलं मादी फूल आलं होतं, आदल्या संध्याकाळी त्यांनी ते दोऱ्यानं बांधलेलं मी बघितलं होतं. आता दोरा सुटला होता. डाव्या हातात त्यांनी पाकळ्या काढलेलं नर फूल धरलं होतं, आणि ते मादी फुलाच्या तोंडाशी नेत होते.

हात पोचत नव्हता. म्हणजे पोचायचा, आणि बाजूला जायचा. पुन्हा न्यायचे, पुन्हा बाजूला. उजव्या हातानं त्यांनी डावं मनगट धरलं, तर दोन्ही हात कापायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर एकेक गोष्ट जुळत गेली. ते चहा अर्धाच कप का मागायचे. जेवताना आमटी वाटीत न घेता भातावरच का ओतून घ्यायचे. दहा महिन्यांत मी त्यांना एकदाही लिहिताना का बघितलं नव्हतं. आणि गेली तीन वर्षं.

फुलाचा देठ कट्कन मोडला. त्यांच्या हातात ते पिवळं फूल आलं, खाली गोळीएवढं फळ. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि ते सदऱ्याच्या खिशात टाकलं.

मी आवाज न करता दार लावून घेतलं.

त्याच दिवशी नऊ वाजता हौसामावशी अंगणात येऊन उभी राहिली. नेमकी त्याच दिवशी.

“धनपाल, मे म्हयन्यात बी देनार हाईस न्हवं? तुज्या तोंडानं ऐकाय आल्ये. म्या येल काढून टाकला, त्या तिघांनी बी काढला.”

आप्पांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मावशी तेवढ्यात समजली. “तुमचं घरातलं झालं की मला सांगा,” म्हणून निघून गेली.

“कुणाला विचारून शब्द दिलास?” आप्पांचा आवाज अगदी खाली आला होता.

“कुणालाच नाही.”

“ते बी माझं आहे. आक्कानं माझ्या हातात दिलंय.”

मला बोलता आलं असतं. पहाटेचं सगळं ओठांवर होतं. पण जे ते तीन वर्षं खिशात लपवत होते, ते मी अंगणात काढून दाखवणार नव्हते.

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता,” मी म्हणाले. “मला रागावा. पण उद्या सकाळी एक कळी बांधू नका. एकच. ती नुसती बघायची. तुम्ही आणि मी.”

“आणि फळ गळालं तर?”

“तर उरलेल्या तुम्ही बांधा. मी मोहरी उपटून माहेरी जाते.”

ते आत गेले. त्या संध्याकाळी वेलावर उद्या उमलणाऱ्या दोन मादी कळ्या होत्या. मी जाऊन बघितलं. दोन्ही मोकळ्या होत्या.

सकाळी सव्वासहाला आम्ही आळ्यापाशी बसलो. ते मोढ्यावर, मी पाटावर. फुलं उमलली होती, केशरी, वाटीएवढी. वस्तीवर कोंबडे, कुठंतरी रेडिओ. ऊन कुंपणावरून उतरलं, मोहरीवर आलं, आणि तिथं गुणगुण सुरू झाली. भोपळ्याच्या फुलांकडे मात्र कुणी फिरकेना. अर्धा तास गेला. माझी कंबर भरून आली.

“मोहरीवरच खूश आहेत त्या,” आप्पा म्हणाले.

“मोहरी संपत आलीय. येतील.”

सात वाजता एक माशी आली. आप्पांच्या गुडघ्यावरून गेली आणि थेट नर फुलात शिरली. आत तिचा आवाज बदलला, घागरीत बोलल्यासारखा झाला. बाहेर आली तेव्हा हळदीत लोळल्यासारखी पिवळी होती. आप्पा पुढं झुकले. माशी दुसऱ्या नर फुलात गेली. मग एका पानावर बसली, पाय घासले. मग उडाली आणि मादी फुलात उतरली.

आप्पांचा श्वास मला ऐकू येत होता.

आत ती गोल फिरली. पूर्ण एक फेरी, जिथं जिथं पराग लागायला हवा तिथं तिथं. बाहेर पडली. लगेच दुसरी आली. पावणेआठपर्यंत त्या एका फुलात एकोणीस माश्या येऊन गेल्या, आप्पांनी बोटांवर मोजल्या. दहाला फुलं मिटली तरी ते तिथून उठले नव्हते.

“हातानं इतकं गोल कधी जमलं नाही,” एवढंच म्हणाले.

पाचव्या दिवशी त्या गोळीचं लिंबू झालं आणि तिनं मान खाली घातली. भोपळ्याचं फळ धरलं की त्याचा देठ वाकतो, पिवळं पडणारं ताठच राहतं. मी आप्पांना बोलवायला गेले तर ते आधीच तिथं होते. त्यानंतर आठवड्यानं माझे वडील मला न्यायला आले. निघताना मी वाकून नमस्कार केला तेव्हा आप्पा आशीर्वाद पुटपुटले. बियांचं ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. हौसामावशी एसटीपर्यंत आली आणि तिनंही विचारलं नाही. ते मला जास्त जड गेलं.

मे महिन्याच्या मध्याला मला मुलगी झाली. बारसं आटोपून शीतल परत गेले, त्यानंतर चार दिवसांनी भर दुपारी आप्पा एकटेच आमच्या दारात. तीन एसट्या बदलून आले होते. खांद्याला पिशवी, आणि पिशवीतून वर आलेली एक लांब हिरवी मान.

पाणी प्यायले. नातीकडे बराच वेळ बघितलं. मग पिशवीतून भोपळा काढून माझ्या आईपुढे ठेवला. “बाळंतिणीला शिजवून घाला. वर तूप.”

“किती धरली, आप्पा?” मी विचारलं.

“अकरा.”

मला पुढचं विचारायचं होतं. त्यांनी विचारू दिलं नाही.

“एक मी हौसाबाईच्या दारात कापला. तिच्याच विळीवर. तिनं कापला, मी धरून बसलो.” ते थोडं थांबले. “चौघांना बी दिलं. मग जे जे बघायला आले त्यांनाही दिलं. आता मळ्यात प्रत्येक परड्यात आळं खणलंय. मृगाला टाकतील. माळवदे म्हणाला, साहेब, आता तुमचं बी मिसळायचं भ्या नाही का? म्हटलं, कसलं भ्या? आता माशी कुठल्याही वेलावरनं येऊ दे, ती आक्काकडनंच येणार.”

मी मुलीचं दुपटं नीट करायला लागले. दुपटं नीटच होतं.

“एक कामाचं विचारायचं होतं,” ते म्हणाले. त्यांनी आतल्या खिशातून खात्याची जुनी डायरी आणि पेन काढलं. “मोहरी आता नाही. पावसाळ्यात माश्या टिकायला हव्यात, नाहीतर त्या वाट विसरतील. काय काय लावायचं, कुठल्या बाजूला, ते सांग.”

डायरी त्यांनी गुडघ्यावर उघडली. पेनाचं टोपण काढलं. पेन कागदावर टेकलं, आणि एक नागमोडी रेघ कडेपर्यंत जाऊन थांबली. माझी आई आणि वडील दोघंही बघत होते. आप्पांनी या वेळी हात खिशात घातला नाही.

“तूच लिही,” ते म्हणाले. “माझा हात कापतो. चार वर्षं झाली. माझं अक्षर आता मलाच लागत नाही.”

लिहायला मला दोन्ही हात मोकळे हवे होते. मी मुलीला उचलून त्यांच्या मांडीवर दिलं आणि डायरी घेतली. ते आधी अवघडले. मग त्यांनी एक हात तिच्या पोटावर ठेवला. तो थरथरत होता, आणि तिला बहुतेक कुणीतरी थोपटतंय असंच वाटलं, कारण ती कुरकुरायची थांबली.

“तीळ,” मी म्हणाले. “नदीच्या बाजूला. दाट.”

“लिही. मग?”

“मग कारळे. पण त्याला पाणी साचलेलं चालत नाही, उंचवटा लागेल.”

“गुलाबाचा दुसरा वाफा उंचावर आहे,” आप्पा म्हणाले. “तो काढू. लिही.”